गट तोच, वर्ग निराळा

उजनी धरणाचे पाणी उन्हाळ्यात ओसरू लागले, की इंदापूर तालुक्यातील पळसदेव येथील जुन्या पळसनाथ मंदिराचे शिखर हळूहळू वर येऊ लागते. पाणी फारच खाली गेले तर मंदिराचा बराचसा भाग उघडा पडतो आणि पुण्या-सोलापूरकडची माणसे वाट वाकडी करून ते पाहायला येतात. फुगवट्याच्या काठाला याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडत असते. पाणी मागे हटताना उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीत पिके घेतली जातात. तिला गाळपेर जमीन म्हणतात. ऑक्टोबरात जिच्यावरून मच्छीमाराची होडी जाते, त्याच जागी मे महिन्यात हिरवे पीक डोलते. जागा एक इंचही हललेली नसते.

या जागेची नोंद संगणकात ठेवायची आहे, असे समजा. ती 'जलाशय' म्हणून ठेवावी की 'शेत' म्हणून? जलाशयाला पाण्याची पातळी विचारता येते, पीक विचारता येत नाही. शेताचे नेमके उलटे. जूनपासून जानेवारीपर्यंत एक उत्तर बरोबर असते आणि उन्हाळ्यात दुसरे. मग आज्ञावली चालू असतानाच, मध्येच, त्या नोंदीला 'आजपासून तू जलाशय नाहीस, शेत आहेस' असे सांगता येईल काय? चालू आज्ञावलीत वस्तूचा प्रकार बदलणे, या नावाने संगणकशास्त्रात ओळखला जाणारा हा प्रश्न चांगला जुना आहे आणि निरनिराळ्या संगणकीय भाषांनी त्याला निरनिराळी, कधी कधी परस्परांच्या अगदी विरुद्ध उत्तरे दिली आहेत.

वर्तमानपत्राच्या वाचकाला याचे काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु बारामती आणि इंदापूर तालुक्यांत हा प्रश्न घरोघरी आहे. फक्त त्याचे नाव वेगळे आहे. मुलगा हिंजवडीतील कंपनीत जावा भाषेत आज्ञावल्या लिहितो आणि वडील सातबारा हातात घेऊन जमिनीचा 'वर्ग २' कधी 'वर्ग १' होणार याची चौकशी करीत फिरतात, अशी कुटुंबे या भागात दुर्मीळ नाहीत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २९ मध्ये जमीनधारकांचे भोगवटादार वर्ग १ आणि भोगवटादार वर्ग २ असे प्रकार केलेले आहेत. इंग्रजी संहितेत त्यांना 'क्लास' हाच शब्द आहे. संगणकाच्या भाषेतही वस्तूच्या प्रकाराला क्लासच म्हणतात. हा निव्वळ योगायोग. पण प्रश्न समजून घ्यायला फार सोयीचा.

कोरा नमुना आणि भरलेला नमुना

वस्तुनिष्ठ प्रोग्रॅमिंगचा उगम नॉर्वेतला. ओस्लोच्या नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर यांनी १९६० च्या दशकात सिम्युला ही भाषा घडविली, तेव्हा क्लास आणि ऑब्जेक्ट या कल्पना प्रथम आकाराला आल्या. पुस्तकांत क्लास म्हणजे साचा आणि ऑब्जेक्ट म्हणजे साच्यातून निघालेली वस्तू, असे शिकवितात. आपल्याकडे याहून चांगले उदाहरण चावडीत आहे. गाव नमुना सातचा कोरा छापील कागद हा क्लास. त्यात कोणते रकाने असतील, कोणी कशी सही करायची, हे आधीच ठरलेले. अमुक गावच्या अमुक गट क्रमांकाचा भरलेला सातबारा हा ऑब्जेक्ट. कागद एकाच जातीचे, भरलेले मजकूर लाखो.

क्लासमध्ये नुसते रकाने नसतात, वागण्याचे नियमही असतात. वर्ग १ची जमीन धारकाला विकता येते. वर्ग २ची जमीन विकायची, बक्षीस द्यायची किंवा अदलाबदल करायची तर सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. म्हणजे 'विक्री' ही आज्ञा दोघांनाही देता येते, मात्र ती ऐकल्यावर दोघे निराळे वागतात. प्रोग्रॅमिंगचा सारा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे.

शिवाय वर्ग २ हे एक नाव असले तरी पोटात अनेक प्रकार आहेत. शासनाने नवीन व अविभाज्य शर्तीवर दिलेल्या जमिनी, वतनाच्या जमिनी, कमाल जमीनधारणा कायद्याखाली वाटप झालेल्या जमिनी, धरणग्रस्तांना पुनर्वसनात मिळालेल्या जमिनी, कूळकायद्याच्या कलम ४३ खाली कुळांनी खरेदी केलेल्या जमिनी. प्रत्येकीची बाहेर पडण्याची वाट वेगळी. कलम ४३च्या जमिनीबाबत २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि खरेदीला १० वर्षे उलटली असतील तर आकाराच्या ४० पट रक्कम भरून ती विकण्याची मुभा मिळाली. शासनाने दिलेल्या इतर जमिनींसाठी वर्ग २ मधून वर्ग १ मध्ये रूपांतराचे स्वतंत्र नियम २०१९ मध्ये आले. त्यांत अधिमूल्याचा हिशेब निराळा आहे. प्रोग्रॅमर मंडळी याला वारसा म्हणतील: एक मूळ क्लास आणि त्याचे गुण घेऊन, काही स्वतःचे जोडून तयार झालेले पोटक्लास. महसूल खात्यात वारस हा शब्द इतका कामात असतो, की तेथे ही परिभाषा न वापरलेलीच बरी!

आता मुख्य गोष्ट. अधिमूल्य भरले, आदेश निघाला, जमीन वर्ग १ झाली. या क्षणी नेमके काय बदलले? माती, चतुःसीमा, गट क्रमांक, विहीर, त्यावरचा सोसायटीचा बोजा, बहिणीचे इतर हक्कातील नाव यांपैकी काहीच नाही. बदलले ते वागण्याचे नियम. वस्तूची ओळख कायम राहून तिचा प्रकार बदलणे ते हेच.

नाही म्हणणाऱ्या भाषा

बारामतीच्या विद्या प्रतिष्ठानच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात काय किंवा पुणे विद्यापीठाशी संलग्न दुसऱ्या कोणत्याही महाविद्यालयात काय, संगणक शाखेच्या विद्यार्थ्याची या विषयाशी गाठ बहुधा सी प्लस प्लस किंवा जावा या भाषेतून पडते. या दोन्ही भाषांचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. ऑब्जेक्ट ज्या क्लासचा म्हणून जन्मला, त्याच क्लासचा म्हणून तो संपेल.

नकाराचे कारण जागेचे आहे. ऑब्जेक्ट तयार होताना संगणकाच्या स्मृतीत त्याच्यासाठी ठरावीक लांबीची जागा आखली जाते. कोणता रकाना कितव्या ठिकाणी, हे आज्ञावलीचे भाषांतर करणारा कंपायलर आधीच ठरवून ठेवतो, कारण वेग त्यातूनच मिळतो. दहा गुंठ्यांचा तुकडा आखून दिला आणि चारही बाजूंनी शेजाऱ्यांचे बांध पडले, की नंतर बारा गुंठ्यांचे घर बांधायचे म्हटले तर जागा कोठून आणणार? नव्या प्रकाराला एखादा रकाना अधिक लागत असेल तर हीच अडचण उभी राहते.

नव्या विद्यार्थ्याची येथे एक ठरलेली गफलत होते. जावात 'कास्टिंग' नावाची सोय आहे आणि तिने ऑब्जेक्टचा प्रकार बदलतो, असा समज होतो. प्रत्यक्षात ऑब्जेक्ट जेथल्या तेथे आणि जसाच्या तसा राहतो, बदलतो तो पाहणाऱ्याचा चष्मा. वर्ग २च्या सातबाऱ्याकडे केवळ 'एक जमीन' म्हणून पाहिले तर चालते, कारण ती जमीन आहेच. पण ती वर्ग १ची आहे असे जाहीर करून तिला वर्ग १ची कामे सांगू गेले, तर जावा आज्ञावली तेथल्या तेथे थांबविते आणि चुकीचा संदेश दाखविते. सी प्लस प्लसमध्ये जुन्या धाटणीचे कास्टिंग केले तर कित्येकदा ती थांबतही नाही; पुढे काय होईल याची हमी मात्र कोणी देत नाही. या दोहोंपैकी अधिक भयंकर कोणते, हे खरेदीखत करून मोकळ्या झालेल्या आणि नंतर शर्तभंगाची नोटीस हाती पडलेल्या माणसाला विचारावे.

जाता जाता एक गंमत. सी प्लस प्लसमध्ये ऑब्जेक्टचा प्रकार खरोखर बदलतो, पण फक्त जन्माच्या आणि मृत्यूच्या वेळी. पोटक्लासचा ऑब्जेक्ट घडत असताना आधी मूळ क्लासची घडणी चालते आणि तेवढा वेळ तो मूळ क्लासचाच असल्यासारखा वागतो. नंतर त्याला स्वतःचे रूप येते. संपताना हाच क्रम उलटा होतो. मधल्या सर्व आयुष्यात मात्र बदलाला मनाई.

हो म्हणणाऱ्या भाषा

दुसऱ्या टोकाला लिस्पचे घराणे आहे. १९९४ साली अमेरिकी प्रमाण म्हणून मान्य झालेल्या कॉमन लिस्पमध्ये 'चेंज-क्लास' नावाची आज्ञाच आहे. ती दिली की ऑब्जेक्ट तोच राहतो, त्याच्याकडे बोट दाखविणारे सर्वजण त्याच्याकडेच बोट दाखवीत राहतात आणि क्लास मात्र नवा होतो. दोन्ही क्लासमध्ये समान असलेल्या रकान्यांतील मजकूर जपला जातो. नव्या क्लासमध्ये नसलेले रकाने गळतात. नव्याने आलेले रकाने भरण्यासाठी एक स्वतंत्र कार्यपद्धती आपोआप बोलाविली जाते आणि तिच्या हाती ऑब्जेक्टच्या जुन्या रूपाची प्रत दिली जाते, म्हणजे जुने पाहून नवे भरता येते. मला यात फेरफाराची आठवण झाली. लिस्प घडविणाऱ्यांनी तलाठी कार्यालय पाहिले असण्याची शक्यता नाही. पण विचाराची दिशा तीच आहे.

अॅलन के यांच्या कल्पनेतून झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात जन्मलेल्या स्मॉलटॉकने याहून धाडसी मार्ग काढला. तेथे 'बिकम' नावाची आज्ञा दोन ऑब्जेक्टची ओळखच अदलाबदल करून टाकते. नवा ऑब्जेक्ट वेगळा बनवायचा, सजवायचा आणि मग एका क्षणात जुन्याकडे जाणारे सगळे रस्ते नव्याकडे वळवायचे. पर्ल भाषेत ऑब्जेक्टला क्लास बहाल करण्याच्या क्रियेला 'ब्लेस' म्हणजे आशीर्वाद असे नाव आहे आणि हा आशीर्वाद पुन्हा, निराळ्या क्लासचा, देता येतो. जावास्क्रिप्टमध्येही ऑब्जेक्टचा मूळपुरुष बदलता येतो. मात्र त्यामुळे आज्ञावली मंदावते, म्हणून जाणकार तसे न करण्याचा सल्ला देतात.

सध्या सर्वाधिक शिकविल्या जाणाऱ्या भाषांपैकी एक असलेली पायथनही होकार देते. तेथे प्रत्येक ऑब्जेक्टजवळ त्याच्या क्लासचे नाव धरून ठेवणारी एक खूण असते आणि त्या खुणेत दुसऱ्या क्लासचे नाव घातले की काम झाले. एका ओळीत. दोन्ही क्लासच्या जागेची आखणी जुळणारी हवी, एवढी अट आहे. त्यामुळे पूर्णांकासारख्या अंगभूत वस्तूचे रूप असे पालटता येत नाही. सामान्य क्लासच्या बाबतीत मात्र कोणी अडवीत नाही.

आणि हीच काळजीची गोष्ट आहे. पायथनमध्ये क्लास असा बदलला तर नव्या क्लासची घडणीची क्रिया चालविली जात नाही. वर्ग १ मध्ये रूपांतर झालेल्या जमिनीच्या नोंदीत 'रूपांतर आदेशाचा क्रमांक व दिनांक' हा रकाना असलाच पाहिजे, असे नव्या क्लासने गृहीत धरले आहे, अशी कल्पना करा. क्लास बदलला, रकाना मात्र कोणीच तयार केला नाही. त्या दिवशी सर्व काही सुरळीत दिसते. सहा महिन्यांनी कोणीतरी उतारा छापायला घेतो, आज्ञावली तो रकाना शोधते आणि कोसळते. चूक झाली एका ठिकाणी, एका दिवशी. फुटली निराळ्या ठिकाणी, निराळ्या माणसाच्या अंगावर. अशा चुका शोधणे हे प्रोग्रॅमरच्या धंद्यातले सर्वांत जिकिरीचे काम समजले जाते.

ज्याच्या हातात जुना उतारा आहे

याहून अवघड भानगड संदर्भांची. आज्ञावलीत एकच ऑब्जेक्ट अनेकांनी धरून ठेवलेला असतो. एकाने त्याचा प्रकार बदलला, तर बाकीच्यांना ते कळत नाही. बाकीच्यांपैकी एखादा जुन्या प्रकाराचे काम अर्ध्यावर करीत असेल, तर उरलेले अर्धे काम त्याने कोणत्या नियमांनी करायचे?

बाहेरच्या जगातही नेमके हेच होते. गटाचा उतारा बँकेने कर्जप्रकरणात लावलेला असतो, एक प्रत दुय्यम निबंधकाकडे दस्ताला जोडलेली असते, एक वकिलाच्या फायलीत, एक भावकीतल्या वादात न्यायालयापुढे. यांतील प्रत्येकाने जमीन अमुक वर्गाची आहे असे मनाशी धरून पुढचे पाऊल टाकलेले असते. उलट दिशेचा प्रकार तर अधिक त्रासाचा. हस्तलिखित सातबारा संगणकावर घेताना भूधारणेचा रकाना चुकला आणि वर्ग २ची जमीन वर्ग १ दिसू लागली, तर ती परवानगीवाचून विकली जाऊ शकते. चूक उघड झाल्यावर व्यवहार शर्तभंग ठरतो आणि जमीन सरकारजमा होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. वर्ग १ची जमीन वर्ग २ दिसू लागली, तर मुलीच्या लग्नासाठी किंवा आजारपणासाठी विकायला काढलेला तुकडा अडकून पडतो. अशा लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी संहितेत कलम १५५ आहे. त्याखाली केलेली दुरुस्ती ही प्रकार बदलणे नव्हे. जन्माच्या वेळी चुकलेली नोंद सुधारणे आहे. संगणकाला हा फरक आपोआप समजत नाही, तो समजावून द्यावा लागतो.

संदर्भांच्या या अडचणीवर २००१ साली लंडन आणि इटलीतील संशोधकांनी 'फिकल' नावाच्या प्रायोगिक भाषेतून एक सुरेख उपाय सुचविला. त्यांचे उदाहरण बेडकाचा राजपुत्र होण्याच्या परीकथेचे होते. खेळातील पात्र बेडूक असते आणि चुंबनानंतर राजपुत्र होते. उपाय असा, की बेडूक आणि राजपुत्र हे बदलते प्रकार बाहेरच्या कोणालाही नावाने धरून ठेवता येणार नाहीत. बाहेरच्यांनी फक्त 'पात्र' एवढेच धरायचे. पात्र हे कायम पात्रच राहते, त्यामुळे बाहेरच्याची फसगत होण्याचा प्रश्न उरत नाही. आपल्या भाषेत सांगायचे, तर सर्वांनी गट क्रमांक धरावा, 'वर्ग १ची जमीन' असे धरू नये. वर्ग कोणता हे प्रत्येक वेळी गटालाच विचारावे. फिकल भाषा रोजच्या वापरात आली नाही. तिने घालून दिलेली शिस्त मात्र कोणत्याही भाषेत पाळता येते.

रकान्याची युक्ती

जावा किंवा सी प्लस प्लसमध्ये काम करणाऱ्यांना हा प्रश्न रोज पडतोच. मग ते काय करतात? १९९४ मध्ये एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडिस या चौघांनी लिहिलेल्या आणि पुढे प्रोग्रॅमरांच्या दोन पिढ्यांनी पाठ केलेल्या 'डिझाइन पॅटर्न्स' या पुस्तकात 'स्टेट' नावाची रचना दिलेली आहे. तिचा आशय सोपा आहे. जो बदलणार आहे तो प्रकार ऑब्जेक्टच्या हाडामांसात घालू नका. तो वेगळा छोटा ऑब्जेक्ट करा आणि मुख्य ऑब्जेक्टच्या हातात द्या. प्रकार बदलायचा झाला की हातातली वस्तू बदला. विक्रीविषयी कोणी विचारले तर मुख्य ऑब्जेक्ट तो प्रश्न हातातल्या वस्तूकडे सोपवितो. पाहणाऱ्याला वाटते, की क्लासच बदलला.

सातबाऱ्याचा कागद पुन्हा एकदा समोर घ्यावा. वर्ग २ जमिनींसाठी निराळ्या रंगाचा, निराळ्या रकान्यांचा नमुना नाही. सर्व शेतजमिनींना एकच गाव नमुना सात आहे आणि त्यात 'भूधारणा पद्धती' नावाचा एक रकाना आहे. वर्ग १ की वर्ग २ हे त्या रकान्यात लिहिलेले असते. गट 'वर्ग २' असतो असे कागद म्हणत नाही, गटाची भूधारणा वर्ग २ आहे एवढेच म्हणतो. चार संगणकतज्ज्ञांनी पुस्तक लिहून सांगितलेली गोष्ट महसुली कारकुनांनी नाव न देता करून ठेवली होती, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

अर्थात नुसता रकाना पुरत नाही. रकान्यातला मजकूर कोणीही, केव्हाही बदलू शकत असेल तर पायथनच्या एका ओळीपेक्षा त्यात काही सुधारणा झाली नाही. महसूल पद्धतीत रकाना थेट खोडता येत नाही. त्यासाठी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, आधी नोंद धरावी लागते. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते, हरकत आली तर तिचा निर्णय होतो आणि मंडल अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच सातबाऱ्यात बदल होतो. हे काम पाहणाऱ्या तलाठ्याचे पदनाम २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी असे झाले आणि वही जाऊन राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेली ई-फेरफार प्रणाली आली, तरी क्रम तोच राहिला. प्रकार बदलण्याचा एकच दरवाजा, दरवाजावर पहारा आणि प्रत्येक ये-जा क्रमांकानिशी नोंदलेली.

जुने बंद, नवे सुरू

प्रकार बदलण्याची आणखी एक रीत आहे. जुना ऑब्जेक्ट मोडायचा, नवा घडवायचा आणि कामाचा मजकूर उचलून नव्यात भरायचा. जावाच्या जगात बहुतेक वेळा शेवटी हेच केले जाते. माहिती डेटाबेसमध्ये ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या हायबरनेटसारख्या साधनांतही साठविलेल्या नोंदीचा क्लास सरळ बदलण्याची सोय नाही.

बारामती तालुक्यात याचे ठसठशीत उदाहरण माळेगाव बुद्रुकचे. सहकारी साखर कारखान्यासाठी ओळखले जाणारे हे गाव काही वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीतून नगरपंचायतीत गेले. गाव तेच, लोक तेच. परंतु ग्रामपंचायतीचा कायदा वेगळा आणि नगरपंचायतींना लागू होणारा १९६५ चा अधिनियम वेगळा. सरपंचाचे नगराध्यक्ष असे नुसते पदनाम बदलून येथे भागत नाही. जुनी संस्था संपते, नवी स्थापन होते आणि मालमत्ता, येणी-देणी, कर्मचारी यांचे हस्तांतर करावे लागते. शेतजमीन अकृषिक होऊन नगर भूमापनाच्या हद्दीत आली, की सातबारा बंद होऊन मिळकत पत्रिका सुरू होते, तोही याच जातीचा बदल. येथे धोका असतो तो उरलेल्या संदर्भांचा. मिळकत पत्रिका उघडली पण सातबारा बंदच केला नाही, तर एकाच जागेचे दोन कागद जिवंत राहतात आणि एकाच जागेचा दोनदा व्यवहार होण्याची सोय होते. स्मॉलटॉकची 'बिकम' आज्ञा येथे असती, तर सर्वांच्या हातातले जुने कागद एका क्षणात नवे झाले असते. कागदाला ती सोय नाही. राज्यातील जमिनींना भू-आधार हा ११ अंकी क्रमांक देण्यात आला, त्यामागे जागेची ओळख कागदाच्या प्रकारावर अवलंबून राहू नये, हाही एक हेतू आहे.

त्या दिवशी वर्ग कोणता होता?

इतके सगळे सांभाळल्यावरही एक प्रश्न राहतो आणि संगणकाच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत त्याला फारशी जागा मिळत नाही. प्रकार बदलला, की ऑब्जेक्ट आपला आधीचा प्रकार विसरतो. लिस्पमध्ये विसरतो, पायथनमध्ये विसरतो आणि 'स्टेट' रचनेतही हातातली वस्तू बदलली की आधीची कोणती होती हे सांगणारे कोणी उरत नाही, वेगळी तजवीज केली नसेल तर. खेळातल्या राजपुत्राला आपण बेडूक होतो हे आठवण्याचे कारण नसते. जमिनीचे तसे नाही.

इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर आणि रत्नपुरी परिसरातील एखादा गट घ्या. स्वातंत्र्यापूर्वीच्या काळात तो शेतकऱ्याच्या मालकीचा होता आणि त्याने तो साखर कारखान्याला खंडाने दिला. १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आला, कारखान्यांकडील क्षेत्र शासनाकडे गेले आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे ते कसायला आले. खंडकरी शेतकऱ्यांनी दीर्घ लढा दिला, त्यानंतर जमिनी परत मिळू लागल्या. पण त्या वर्ग २ म्हणून. मग त्या वर्ग १ व्हाव्यात, ही मागणी सुरू झाली. एकाच मातीने तीन पिढ्यांत इतकी रूपे पाहिली. आज त्या गटाविषयी वाद उभा राहिला, तर न्यायालय 'आता वर्ग कोणता' एवढेच विचारीत नाही. अमुक साली जो दस्त झाला, त्या दिवशी वर्ग कोणता होता, हे विचारते. तो व्यवहार वैध की अवैध, हे त्या दिवसाच्या उत्तरावर ठरते. आज वर्ग १ असलेली जमीन दस्ताच्या दिवशी वर्ग २ असेल आणि परवानगी घेतलेली नसेल, तर आजचा स्वच्छ उतारा मागचे प्रकरण पुसून टाकू शकत नाही.

म्हणून जमिनीसाठी, विम्यासाठी, निवृत्तिवेतनासाठी किंवा बँकेच्या खात्यासाठी आज्ञावली लिहिणाऱ्याने प्रकार हा एकच रकाना ठेवणे पुरेसे होत नाही. प्रकारांची यादी ठेवावी लागते: कोणता, कोणत्या तारखेपासून, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या आदेशाने. ऑब्जेक्टला 'तू कोण' असे विचारण्याऐवजी 'अमुक दिवशी तू कोण होतास' असे विचारावे लागते. अशी आज्ञावली लिहायला वेळ अधिक लागतो, जागा अधिक लागते आणि मुदतीच्या धबडग्यात तीच पहिल्यांदा वगळली जाते. प्रस्तुत प्रतिनिधीने एका खासगी वित्तसंस्थेत खात्याचा प्रकार बदलून घेतला, तेव्हा मागील सर्व व्यवहारही नव्याच प्रकाराचे दिसू लागले होते. ते दुरुस्त व्हायला चार हेलपाटे पडले. रक्कम किरकोळ होती म्हणून हसण्यावारी नेले.

सातबाऱ्यावर ही यादी कशी असते, ते पाहण्यासारखे आहे. धारकाच्या नावापुढे फेरफार क्रमांक असतो. रद्द झालेले नाव पुसले जात नाही. पूर्वी त्याला कंस करीत आणि २०२० मध्ये नमुन्यात सुधारणा झाल्यापासून त्यावर आडवी रेघ येते, म्हणजे ते वाचताही येते आणि रद्द झाल्याचेही कळते. त्याच सुधारणेत शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि दिनांक ठळक देण्याची पद्धत आली. खाली जुन्या फेरफारांचे क्रमांक एकापुढे एक दिलेले असतात आणि त्यांतील प्रत्येक क्रमांक फेरफार नोंदवहीतील एका नोंदीकडे नेतो. जमीन घेणारा जाणता माणूस वरचा भूधारणेचा रकाना पाहून थांबत नाही. तो या क्रमांकांच्या ओळीवर बोट ठेवतो, एकेक जुना फेरफार काढून आणायला सांगतो आणि वर्ग बदलल्याचा क्रमांक सापडला, की आधी त्याची तारीख वाचतो.